सांगलीत राहून क्लासशिवाय प्रोग्रॅमिंग शिकतोय. पायथन जमायला लागलं, पुढची भाषा कोणती घ्यावी?

पुढची भाषा सी घ्या, आणि नवा प्रोजेक्ट न शोधता पायथनमध्ये लिहिलेलाच एखादा प्रोग्रॅम तीत पुन्हा लिहा. कारण पायथन ज्या गोष्टी परस्पर सांभाळून घेतो, त्या सी तुमच्या गळ्यात टाकते. मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्याचा हिशेब घ्या: 4950 किलो, भाव क्विंटलला 14000. पायथन 3 मध्ये 4950/100 चं उत्तर 49.5 येतं, सीमध्ये दोन्ही आकडे पूर्णांक असतील तर 49. अर्धा क्विंटल, म्हणजे 7000 रुपये गायब, आणि एररही नाही! (100 ऐवजी 100.0 लिहा.) रक्कम रुपयांऐवजी पैशांत साठवली तर 32 बिटांचा इंट (सीचा नेहमीचा पूर्णांक प्रकार) 2147483647 ला, म्हणजे सुमारे 2 कोटी 14 लाख रुपयांना संपतो, तिथे लाँग लाँग हा मोठा पूर्णांक प्रकार लागतो. पायथनचा पूर्णांक लागेल तेवढा वाढतो, म्हणून तिकडे हे कधी जाणवतच नाही. तिसरी खोड ओळीत मांडलेल्या घरांची, म्हणजे अ‍ॅरेची: 10 घरांच्या अ‍ॅरेत अकराव्या घरात लिहिलं तरी सी बहुधा गप्प बसते आणि चूक भलतीकडेच उगवते. लिनक्सवर जीसीसीचा (सीच्या कंपायलरचा) मेमरीतल्या चुका शोधणारा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर चालू ठेवून कंपाइल करा, तो जागच्या जागी पकडतो. पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आणि मॅलॉक-फ्री (मेमरी मागणं आणि परत करणं) हाताला बसले की पुरे, सीमध्ये मुरत बसू नका. मात्र दोन-चार महिन्यांत वेबची नोकरीच हवी असेल तर सी राहू द्या; सरळ जावास्क्रिप्ट आणि एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) उचला.