टबाचं नंतर, आधी त्या गोळ्या बाहेर काढ

«ताई, माझं वय २६, सासर अमळनेर, माहेर शहादा. पहिलंच बाळंतपण, सातवा महिना चालू आहे, जूनअखेरची तारीख दिलीय. मोबाइलवर वॉटर बर्थचे, म्हणजे पाण्याच्या टबात बाळंतपणाचे, व्हिडिओ पाहिले तेव्हापासून तेच डोक्यात बसलंय. मला कळांची फार भीती वाटते. थोरल्या जाऊबाई रात्रभर ओरडत होत्या, ते मी बाहेर बसून ऐकलंय. पुण्यात एका ठिकाणी फोन केला, त्यांनी पॅकेज सांगितलं, फोटोग्राफरसकट. मिस्टर अर्धे तयार आहेत. सासूबाई मात्र सगळ्यांसमोर ‘पानीमा बायतपन? म्हैस शे का तू?’ म्हणून हसल्या. फार लागलं. तशाही त्या माझ्या प्रत्येक गोष्टीत असतात. हिमोग्लोबिन ८.२ आलं तर रोज ‘गोळी घेतली का’ म्हणून मागे लागतात. त्या लोहाच्या गोळ्यांनी मला मळमळतं, म्हणून घेतली म्हणते आणि साड्यांच्या घडीत ठेवून देते. माझ्या बाळंतपणाचा निर्णय माझा असायला नको का? सासूबाईंना कसं समजावू? पुणं नाहीच जमलं तर घरी मोठा टब आणला तर चालेल का?»

पोरी, घरच्या टबाचं उत्तर एका शब्दात देते: नाही.

आता कपाट उघड. साड्यांच्या घडीत हात घाल आणि त्या गोळ्या बाहेर काढ. किती पाकिटं निघतात ते बघ, कारण टबाबद्दल पानभर लिहिलंस आणि या गोळ्या दोन वाक्यांत उरकल्यास. ८.२ हा आकडा तर सासूबाईंची तक्रार करता करता, जाता जाता लिहून टाकलास.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली आलं की ॲनिमिया धरतात आणि ७ च्या खाली गेलं की तो गंभीर. तू कुठल्या टोकाजवळ आहेस ते तूच बघ. बाळंतपणात रक्त जातंच, प्रत्येकीचं जातं. ज्या बाईचं रक्त भरलेलं आहे ती अर्धा लिटर गेलं तरी निभावून नेते. तुझं तेवढंच गेलं तर रक्ताची पिशवी शोधायला नवरा रात्री धावत सुटेल. आपल्या देशात बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त बायका रक्तस्रावाने जातात. भीती घालायची म्हणून सांगत नाहीये. कळांना तू घाबरतेस, पण घाबरायची जागा वेगळी आहे.

आणि हे थेट तुझ्या टबाशी येऊन भिडतं. पाण्यात किती रक्त गेलं याचा अंदाज पटकन लागत नाही, थोडं मिसळलं तरी पाणी लाल दिसतं आणि खूप गेलं तरी तसंच लाल. त्यात कोमट पाण्यात बराच वेळ बसून उठताना चांगल्या धडधाकट बाईलाही गरगरतं. म्हणून नीट काम करणारे लोक फक्त बिनधोक्याच्या बाळंतिणींना पाण्यात घेतात: दिवस पूर्ण भरलेले, एकच बाळ, डोकं खाली, बीपी ठीक आणि रक्त पुरेसं. पुण्याच्या त्या ठिकाणी तुला फोटोग्राफरचं सांगितलं. हिमोग्लोबिन किती, हे विचारलं का? विचारलं असतं तर तू लिहिलं असतंस. जे न विचारता पॅकेज सांगतात त्यांच्याकडे रात्रभर ट्रॅव्हल्सने हाडं खिळखिळी करत जायचं, तेही नवव्या महिन्यात? मी तर जाऊ देणार नाही.

पाण्याचं वेड मुळात चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. फ्रान्समध्ये मिशेल ओदाँ या डॉक्टरने १९७० च्या दशकातच कळा देणाऱ्या बायकांसाठी दवाखान्यात पाण्याचा हौद ठेवला होता. कळा सुरू असताना कोमट पाण्यात बसलं की दुखणं सुसह्य होतं आणि पाठीत भूल द्यायची वेळ कमी येते, हे अभ्यासांत दिसलंय. पाणी साडेसदतीस अंशांपेक्षा गरम नको, सुईण किंवा डॉक्टर शेजारी हवेत, बाळाचे ठोके मधूनमधून ऐकायला हवेत. मूल पाण्यातच जन्मल्याने त्याचं काही विशेष भलं होतं, असं मात्र सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे कळा पाण्यात काढून बाळंतपण बाहेर, हाही रस्ता आहे. (आणि खानदेशात जूनमध्ये पाण्यात बसावंसं वाटलं तर त्यात नवल ते काय!)

पण हा सगळा विचार कुणाला शोभतो? जिचं रक्त ११ च्या आसपास आहे तिला. आणि ते अजून होऊ शकतं. दहा-अकरा आठवडे हातात आहेत, गोळी लागू पडली तर महिन्याला साधारण एक ग्रॅम वाढायला हवं.

मळमळतं ना? मग सकाळी उपाशीपोटी घेऊ नकोस, रात्री जेवून झोपताना घे. वर चहा नको, दूध नको आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी तर मुळीच नको. आपल्याकडे जेवल्या जेवल्या कपभर चहा लागतो, तो लोह अंगी लागू देत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घे. शौचाला काळं होईल, घाबरू नकोस. राहिलेल्या गोळ्या भरून काढायच्या म्हणून एकदम चार घेऊ नकोस, डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच. एवढं करूनही उलटी झाली तर लपवू नकोस, डॉक्टरांना सांग. गोळी बदलून मिळते, नाहीतर शिरेतून लोहाचं सलाईन देतात. तुझ्यासारखी उशिरा जागी झालेली असेल तर तेच बरं पडतं. माहेर शहाद्याचं आहे, त्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, तेव्हा ती तपासणी झालीय का तेही विचार. बीट-खजुरावर विसंबू नकोस. खा, पण ८.२ त्याने भरून निघत नाही.

आता सासूबाई. म्हशीचं बोलल्या, लागलं, कबूल. पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मिस्टर ‘अर्धे तयार’ आहेत, पुण्याचे लोक पूर्ण तयार आहेत, आणि गोळी घेतली का हे रोज विचारणारं माणूस त्यात एकच आहे. त्यांच्याशी तू रोज खोटं बोलतेस. त्यांना समजवायचं काय? त्यांना जे कळलंय ते तुला कळायचंय. निर्णय तुझाच आहे ग, शंभर टक्के तुझा. म्हणून तर गोळी न घेण्याचा निर्णयही तुझाच धरला जाईल.

आज रात्री जेवणं झाली की ती पाकिटं सासूबाईंसमोर ठेव. ‘घेत नव्हते, मळमळत होतं’ एवढंच सांग. रागावतील, रागावू देत. त्यांच्यासमोर एक गोळी घे आणि उद्यापासून त्याच वेळी त्यांनाच द्यायला सांग.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. येत्या ९ ला जा, सासूबाईंना घेऊन जा. पुढच्या महिन्याच्या ९ ला पुन्हा रक्त तपास आणि जो आकडा येईल तो मला कळव. टबाचं तेव्हा बोलू.