जळगावहून वडोदऱ्यात आले, बी.एस्सी. नर्सिंगनंतरची पहिलीच नोकरी. ड्युटीवर पेशंट अचानक कोसळला तर काय करू?

पहिलं म्हणजे पेशंटला सोडून धावत सुटू नका. जागेवरूनच मदतीसाठी मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नाही, श्वास नीट नाही, 10 सेकंदांत नाडी लागत नाही, तर छातीवर दाब सुरू करा: मिनिटाला 100 ते 120, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, 30 दाबांमागे 2 श्वास. दर 2 मिनिटांनी दाबणारा बदला. थकलेले हात उथळ दाबतात आणि ते ज्याचं त्याला कळत नाही.

पण खरं काम ड्युटी सुरू होतानाच असतं. क्रॅश कार्ट, म्हणजे आणीबाणीच्या औषधांची आणि साधनांची ट्रॉली, स्वतः उघडा. लॅरिंगोस्कोपचा (श्वासनलिकेत नळी घालताना घशात बघायच्या उपकरणाचा) दिवा लागतो का, घशातला स्राव काढणारं सक्शन ओढतं का, सिलिंडरमध्ये ऑक्सिजन आहे का? रजिस्टरवर सही सगळेच करतात, दिवा लावून कोण बघतं! आणि श्वास पूर्ण मिनिटभर मोजा. बरेच पेशंट कोसळण्याआधी काही तास इशारा देतात, श्वासाचा वेग वाढतो. चार्टवर ओळीने सगळ्यांचे श्वास मिनिटाला 20 दिसले तर मला तरी संशय येतो.

नवीन असताना वेळ नोंदवण्याचं काम मागून घ्या. ॲड्रेनालिन, हृदय थांबल्यावर देतात ते औषध, 1 मिलिग्रॅम, दर 3 ते 5 मिनिटांनी. तोंडी ऑर्डर मोठ्याने परत म्हणा, रिकामी अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) ट्रेमध्येच ठेवा, नंतर हिशेब जुळतो.

वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारात मराठीवर निभेल, वॉर्डात नाही. ‘छातीमां दुखे छे?’, ‘श्वास चढे छे?’ एवढं गुजराती या आठवड्यातच शिकून घ्या.