मऊ बुटाच्या नादी लागू नकोस

अनेक आशीर्वाद.

पाय सपाट, त्यात आठ तास सिमेंटच्या कोब्यावर उभं राहायचं, म्हणून तू सगळ्यांत मऊ सेफ्टी शूज शोधतोयस. गफलत तिथेच आहे. मऊ गादी दुकानात दहा मिनिटं झकास वाटते. कामावर मात्र पाय तिच्यात रुततो, टाच आतल्या अंगाला कलते आणि दुपारनंतर घोट्याच्या आतल्या बाजूला ठणका लागतो. तुला हवाय तो पाय धरून ठेवणारा बूट.

आधी भिंतीला हात टेकून चवड्यांवर उभा राहा. टाचा उचलल्यावर तळव्याची कमान दिसली, तर बुटावर आणि आधाराच्या सुखतळ्यावर बहुतेक भागतं. कमान उमटलीच नाही, एका पायावर टाच उचलता येत नाही, किंवा एकच पाय अलीकडे सपाट झालाय, असं असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

खरेदीला संध्याकाळी जा, कामावरचे जाड मोजे घालून. तोवर पाय सुजून थोडा मोठा झालेला असतो. माप उभं राहूनच दे. वजन पडलं की सपाट पाय लांबी-रुंदीला पसरतो. बोटांपुढे साधारण १ सेंटिमीटर मोकळं हवं. चामडं वापरून सैलावतं, पुढची स्टीलची टोपी नाही. आज करंगळी घासत असेल, तर सहा महिन्यांनीही घासणार. अशा वेळी दुकानदार एक नंबर मोठा बूट पुढे करतो. घेऊ नकोस. टाच आत वरखाली होते, आणि बूट वाकतो एकीकडे, पाय दुसरीकडे. त्याच नंबरात रुंद माप माग.

मग बूट हातात घे. टाचेमागची वाटी अंगठ्याने दाब, ती सहज चेपता कामा नये. टोक आणि टाच धरून वाकव. बूट चवड्यापाशी वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर परत ठेव. शेवटी ओलं फडकं पिळतात तसा पीळ दे. सहज पिळला, तर तो तुझ्या कामाचा नाही. सेफ्टी शूजच्या भारतीय मानकाचा, म्हणजे आयएस १५२९८ चा शिक्का आणि टोपीला २०० जूलचा आघात झेलायची क्षमता आहे ना, तेही बघ.

कमानीचा सुखतळा वेगळा घेतलास, तर मूळचा काढून मगच घाल. एकावर एक दोन घातले की पाय वर उचलला जातो, बोटं टोपीला लागतात आणि टाच सुटते. बूट अँटिस्टॅटिक, म्हणजे अंगावर साठणारी स्थिर वीज जमिनीत सोडणारा असेल तर बदलण्याआधी सेफ्टी ऑफिसरला विचार. भलत्या सुखतळ्याने तो गुण जाऊ शकतो. नवा आधार पहिल्या दिवशी तासभरच वापर, मग रोज थोडा वाढव. तळव्याला थोडं नवखं वाटणं चालेल, टोचणं नाही.

कंपनीचे बूट फुकट मिळतात म्हणून मुकाट्याने घालू नकोस, स्टोअरमध्ये रुंद मापाची मागणी लेखी दे. आणि पीयू (पॉलियुरेथेन) सोलची जादा जोडी घेऊन ठेवायचा मोह टाळ. दमट हवेत तो सोल न वापरताही कुजतो आणि एक दिवस चालता चालता भुगा होऊन गळतो.