ठोके 146, मग दाखल कशासाठी?

प्रश्न : पत्नीला 30वा आठवडा चालू आहे. सोनोग्राफीत बाळाचं वजन 950 ग्रॅम आलं. डॉपलरच्या (रक्तप्रवाह मोजणाऱ्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टात ‘अंबिलिकल आर्टरीत (नाळेतल्या धमनीत) एंड-डायस्टोलिक फ्लो नाही’ असं लिहिलंय. ठोके मात्र 146. तरी डॉक्टर दाखल व्हा म्हणतात. हृदय चांगलं असताना एवढी घाई का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : आधी दाखल व्हा, बाकीचं वाचणं तिथेही होईल. ठोक्यांचा आकडा (नॉर्मल 110 ते 160) हृदय चालू आहे एवढंच सांगतो. ते किती जोर काढून चालतंय, हे त्यावरून कळत नाही. तुमच्या बाळाचं वजन आठवड्यांच्या मानाने कमी आहे, आणि अशा वाढ खुंटलेल्या बाळाचे ठोके पार शेवटपर्यंत नॉर्मल राहू शकतात.

मूळ दुखणं बहुतेक वेळा वारेचं असतं. पोटातल्या बाळाची फुप्फुसं कामाला लागलेली नसतात. त्यामुळे हृदयाच्या उजव्या कप्प्यातलं बहुतेक रक्त डक्टस आर्टेरिओससमधून थेट खालच्या महाधमनीत उतरतं आणि त्यातलं बरंचसं नाळेतून वारेकडे जातं. निरोगी वारेत दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यातही रक्त पुढे सरकत राहतं. तुमच्या रिपोर्टात हाच मधला प्रवाह थांबलाय. पुढचा पाइप चोंदला की मोटारीवर जसा लोड येतो, तसा तो उजव्या कप्प्यावर आलाय. यापुढची पायरी म्हणजे उलटा प्रवाह.

त्याच वेळी मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. रिपोर्टात ‘ब्रेन स्पेअरिंग’ दिसलं की ‘मेंदूला रक्त जास्त मिळतंय’ म्हणून घरचे निर्धास्त होतात. खरं तर ती टंचाईची खूण आहे.

हृदय हा ताण आकार बदलून सोसतं. लांबट कप्पे गोलसर होतात, कधी भिंती जाड होतात. पहिल्यांदा बिघडतं ते आकुंचनानंतरचं सैल होणं. म्हणून इजेक्शन फ्रॅक्शन (एका आकुंचनात कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं तो आकडा) बराच काळ नॉर्मल येतं आणि फसवतं. कप्प्यातला दाब वाढत गेला की परिणाम डक्टस व्हेनोसस या, नाळेतलं रक्त हृदयाकडे नेणाऱ्या छोट्या शिरेत दिसतो. तिथली ‘ए वेव्ह’ (हृदयाचा वरचा कप्पा आकुंचन पावतानाची प्रवाहाची लाट) शून्यावर आली किंवा उलटली, तर हृदयाची ताकद संपत आली असं समजायचं. 32 आठवड्यांच्या आत प्रसूती कधी करायची, हे मुख्यतः ही लाट आणि सीटीजी (बाळाच्या ठोक्यांचा आलेख) यांवर ठरतं. कॉम्प्युटराइज्ड सीटीजी असेल तर शॉर्ट-टर्म व्हेरिएशन (ठोक्यांमधल्या वेळेतला बारीक चढउतार) बघतात : 29 आठवड्यांच्या आत 2.6 मिलिसेकंदांखाली, 29 ते 32 मध्ये 3 च्या खाली गेलं की प्रसूतीसाठी थांबत नाहीत.

हे दोन्ही ठीक असेल तर प्रवाह शून्य असताना साधारण 32 ते 34 आठवड्यांपर्यंत आणि उलटा असताना 30 ते 32 पर्यंत रोज पाहत थांबता येतं. आईचं बीपी वाढलं तर गणित बदलतं. आणि ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही’ हे मनातून काढून टाका. हृदय साथ देतंय तोवर पोटातला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

प्रश्न : फीटल इकोत (पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या सोनोग्राफीत) ‘एमपीआय 0.46, वाढलेला’ आला. हृदय निकामी होतंय का? (एक वाचक, कराड)

उत्तर : एवढ्यावरून नाही. एमपीआय म्हणजे कप्प्याच्या सगळ्या झडपा बंद असतानाचे दोन छोटे थांबे मिळवायचे आणि रक्त बाहेर फेकण्याच्या वेळेने भागायचं. समजा थांबे 30 आणि 40 मिलिसेकंदांचे, रक्त फेकायला 175, उत्तर 0.40. आता झडप मिटल्याच्या रेषेवर कर्सर ठेवताना 10 मिलिसेकंदांची चूक झाली तर तेच 0.46 होतं! मशीनची सेटिंग, झडपेचा ‘क्लिक’ किती स्पष्ट आलाय, बाळ हललं का, सगळ्याने आकडा हलतो. एमपीआय वाढणं हा लवकरचा इशारा असू शकतो, पण एकट्या त्याच्यावर प्रसूतीचा निर्णय घेत नाहीत. फीटल इकोचा मोठा उपयोग वेगळाच : वाढ खुंटण्यामागे हृदयाचा जन्मजात दोष तर नाही ना, हे त्यात कळतं.

प्रश्न : बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनंतर डॉपलर सुधारलं. आता घरी जाता येईल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : इथेच गफलत होते. बीटामेथासोन (12 मिलिग्रॅम, 24 तासांच्या अंतराने दोनदा) किंवा डेक्सामेथासोन (6 मिलिग्रॅम, दर 12 तासांनी चारदा) दिल्यावर नाळेतला थांबलेला प्रवाह काही दिवस परत दिसू लागतो. वार सुधारलेली नसते. औषधाचा असर ओसरला की प्रवाह पुन्हा थांबू शकतो. उलट याच औषधाने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सीटीजीतला चढउतार आणि बाळाची हालचाल कमी होते, आणि बाळ बिघडल्यासारखं वाटतं. म्हणून प्रत्येक डॉपलर आणि सीटीजीच्या कागदावर इंजेक्शनची तारीख-वेळ लिहायला लावा. सोनोग्राफी दुसरीकडे होत असेल तर विसरूच नका.

प्रश्न : सिल्डेनाफिल (रक्तवाहिन्या रुंद करणारं औषध), आर्जिनिनची (एका अमिनो आम्लाची) पाकिटं, प्रोटीन पावडर, सलाइन, बेडरेस्ट, यांतलं काय उपयोगी? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : बिघडलेली वार दुरुस्त करणारं यात काहीच नाही. सिल्डेनाफिलची नेदरलँड्समधली चाचणी 2018 मध्ये मध्येच थांबवावी लागली. औषध घेतलेल्या आयांच्या काही बाळांना फुप्फुसांच्या रक्तदाबाचा गंभीर त्रास झाला होता. ते चिठ्ठीत असेल तर कशासाठी, हे विचारा. जेवण नीट हवं, पण डब्यातल्या पावडरीने नाळेतला प्रवाह सुरू होत नाही. तंबाखू आणि मिश्री मात्र आजच बंद.

प्रश्न : बाळ आता दोन वर्षांचं आहे. हृदयाला पुढे धोका राहतो का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : थोडा राहतो. बार्सिलोनाच्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवलं की पोटात वाढ खुंटलेल्या मुलांचं हृदय पाच वर्षांच्या वयातही जास्त गोलसर होतं आणि रक्तदाब किंचित चढा होता. ही मुलं खेळतात-पळतात, त्यांना आजारी म्हणून वाढवू नका. फक्त ‘बाळसं धरू दे’ म्हणून तूप-साखरेचा मारा नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने 1993 पासून आसपासच्या गावांत केलेल्या अभ्यासात आपली कमी वजनाची बाळंही अंगात चरबी राखून जन्मतात असं दिसलं, त्यामुळे त्यावर आणखी चढवण्यात अर्थ नाही. बालरोगतज्ज्ञांना जन्माचं वजन आणि आठवडे आवर्जून सांगा. बीपी आतापासूनच, लहान मुलांच्या मापाचा पट्टा लावून, दर तपासणीला मोजून घ्या; मोठ्यांचा पट्टा लहान दंडावर बीपी खोटं कमी दाखवतो.