मार्चपासून गोव्याच्या हाफ आयर्नमॅनची तयारी सुरू करतोय. पहिल्या तीन महिन्यांत वेग कसा वाढवावा?

वाढवू नका.

उत्तर खरं तर एवढंच आहे. पण "सायकलवर ग्रुपबरोबर ताशी ३० चा अ‍ॅव्हरेज येतो" हे तुमचं वाक्य वाचलं आणि मला गप्प बसवेना. दीड वर्षापूर्वी पळायला लागलात, रोज १० किलोमीटर पळता, मंगळवारी-शुक्रवारी जोरात पळता, रविवारी ग्रुपबरोबर ८० किलोमीटर सायकल मारता, आणि आता नोव्हेंबरातल्या हाफ आयर्नमॅनसाठी, म्हणजे सलग १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं यांसाठी, मार्चपासूनच वेग वाढवायचाय. शिवाय टीटी बाईक, म्हणजे पुढे वाकून चालवायची शर्यतीची सायकल, घेऊ का, असंही विचारलंय. २०१९ च्या फेब्रुवारीत माझं वेळापत्रक थोड्याफार फरकाने हेच होतं. फक्त टीटी बाईकचं खूळ माझ्या डोक्यात नव्हतं, ते आमच्या भाऊजींच्या डोक्यात होतं.

मी कोल्हापूरची, शाळेत गणित शिकवते. त्या वर्षी ऑक्टोबरात गोव्यात ही स्पर्धा पहिल्यांदाच होणार होती आणि आमच्या सायकल ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी नावं नोंदवली. ग्रुपचे म्होरके म्हणजे हेच भाऊजी, माझे धाकटे दीर. त्यांचा एकच मंत्र: दम लागल्याशिवाय दम वाढत नाही. दर रविवारी पहाटे पन्हाळा. वाघबीळपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही, मान खाली घालून हाणायचं, मग वर घाट, खाली येऊन मिसळ, आणि मिसळ यायच्या आत प्रत्येकाचा फोन बाहेर, स्ट्राव्हा या सरावाच्या अ‍ॅपवर कुणाचा किती अ‍ॅव्हरेज. मागे राहिलेल्याचं बिल. मी दोनदा बिल भरलं आणि तिसऱ्या रविवारी ठरवलं की आता नाही.

तुमच्या ३० बद्दल एक स्पष्ट विचारू? त्यातले किती किलोमीटर तुम्ही दुसऱ्याच्या चाकामागे असता? आमच्याकडे तर मार्चपर्यंत उसाच्या ट्रॉल्या असायच्या. ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या, त्यांच्या आडोशाला आम्ही चौघं-पाचजणं. वारा बंद, धूळ तोंडात, आणि घड्याळात ३२. घरी येऊन भाऊजी अख्ख्या घराला तो आकडा सांगणार. गोव्यात मात्र दोन सायकलींमध्ये १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, आणि मागे चिकटलेलं पंचांनी पाहिलं तर पाच मिनिटांची शिक्षा. सगळे ९० किलोमीटर वारा आपल्याच छातीवर. तेव्हा ग्रुपच्या अ‍ॅव्हरेजवरून गोव्याचं गणित मांडू नका. एकट्याने ६० किलोमीटर मारून बघा आणि जो आकडा येईल तो कुणाला न सांगता वहीत लिहून ठेवा.

तर माझं काय झालं ते सांगते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मंगळवारी विद्यापीठाच्या आवारात ४००-४०० मीटर जीव तोडून पळायचे, गुरुवारी टेकाडावर पळायचे, रविवारी पन्हाळा. त्यात दहावीचे पेपर तपासायला आलेले, म्हणजे झोप पाच तास. आणि खरं सांगते, मस्त वाटत होतं. दर आठवड्याला वेळ सुधारत होती. हीच फसगत असते, कारण छाती लवकर तयार होते. सहा-आठ आठवड्यांत दम लागेनासा होतो, आपल्याला वाटतं झालं, जमलं. हाडं आणि स्नायूंचे दोर मात्र कूर्मगतीने तयार होतात, त्यांना महिने लागतात. इंजिन नवं आणि साटा जुना, असली ती गाडी.

जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या आठवड्यात डाव्या नडगीत दुखायला लागलं. सुरुवातीला पहिल्या दोन किलोमीटरपुरतं, मग थांबायचं. नंतर पूर्ण पळताना, नंतर फळ्यासमोर उभी असताना, शेवटी रात्री झोपेत. एका बोटाने दाखवता येईल अशी जागा. भाऊजींचं निदान: "वहिनी, तेल लावा नि शेका, हे सगळ्यांनाच होतं." सासूबाईंनी आंबेहळद लावली. मी आणखी दोन मंगळवार पळले. एक्स-रेत काही दिसलं नाही, त्यामुळे आणखी एक मंगळवार. मग एमआरआय, आणि त्यात नडगीच्या हाडाला बारीक तडा. आठ आठवडे पळणं बंद. डॉक्टरांनी पोहायला हरकत नाही म्हटलं.

आता पोहण्याकडे येते, कारण तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात पोहण्याचा एक शब्दसुद्धा नाही. १.९ किलोमीटर आहे साहेब, आणि समुद्रात आहे. मीसुद्धा तेव्हा पोहण्याची काळजी केली नव्हती, कारण मी विहिरीत शिकलेली. मामाच्या गावाला, पाठीला वाळका भोपळा बांधून, आठव्या वर्षी. काठावरून मुटका मारायची मी. पोहणं काय आपल्या रक्तातच, असा तोरा. टँकवर लेडीज बॅच चार ते पाच, मे महिना, उन्हाळी शिबिराची पोरं खच्चून भरलेली. पहिल्या दिवशी मान वर काढून, विहिरीत पोहतात तसं, मी सहा लांब्या मारल्या आणि कठड्याला धरून धापा टाकत उभी राहिले. शेजारच्या लेनमधली अकरा-बारा वर्षांची पोरगी दर वेळी वळताना माझ्याकडे बघायची. शेवटी तिला राहवलं नाही. "काकू, तोंड पाण्यात घाला की. श्वास पाण्यात सोडायचा." वीस वर्षं मी मुलांना शिकवते, पण इतक्या कमी शब्दांत इतकं कामाचं मी कुणाला शिकवलं नसेल.

२५ मीटरच्या टँकमध्ये १.९ किलोमीटर म्हणजे ७६ लांब्या. पायांमध्ये पुल बॉय, म्हणजे तरंगणारा फोमचा ठोकळा, अडकवून, पाय न हलवता, मी जूनच्या मध्यापर्यंत ७६ वर पोचले. मुदत ७० मिनिटांची असते, म्हणजे १०० मीटरला साधारण ३ मिनिटं ४० सेकंद. हे अजिबात भयंकर नाही. पण न थांबता, भिंतीला पाय न लावता जमलं पाहिजे, आणि समुद्रात भिंत नसते. युरोपातल्या लोकांचे व्हिडिओ बघून वेटसूट, म्हणजे पोहायचा रबरी पोशाख, मागवू नका. गोव्याचं पाणी त्यासाठी फार गरम आहे, घालू देत नाहीत. म्हणजे तरंगायला रबराची मदत नाही, तुमचे बुडणारे पाय तुम्हीच सावरायचे.

आणि हे कुणीच वेळेवर सांगत नाही: जूनमध्ये पाऊस लागला की आपल्याकडचा समुद्र पोहण्यासाठी बंद, तो थेट पाऊस सरल्यावरच. म्हणजे खारं पाणी नाकातोंडात जाण्याची पहिली वेळ एप्रिल-मेमध्येच उरकून घ्यायची. मालवण, गोवा, जिथे जमेल तिथे, स्थानिक जाणकार माणूस सोबत घेऊन. धरणात किंवा तलावात एकट्याने उतरायचं शहाणपण करू नका.

२०१९ चं पुढे असं झालं. जुलैत पळणं सुरू केलं, ऑगस्टात महापूर आला. हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, टँक बंद, नळाला पाणी नाही, शाळेत पूरग्रस्तांची सोय. त्या दिवसांत सराव हा शब्द काढायचीही लाज वाटली असती. तीन आठवडे काही नाही. ज्यांचा पाया मार्च ते मे नीट झाला होता त्यांना ते तीन आठवडे बाधले नाहीत. माझ्याकडे पाया नव्हता, पळण्याच्या नावाखाली नुसता तडा होता. ऑक्टोबरात मिरामारला पाण्यातून ठीक बाहेर आले, सायकल चिडून हाणली, आणि पळताना बाराव्या किलोमीटरला फूटपाथवर बसले. निकालात नावापुढे तीन अक्षरं, डीएनएफ, म्हणजे स्पर्धा पूर्ण केली नाही. परतीच्या प्रवासात गाडीत भाऊजी मागे वळून म्हणाले, "वहिनी, सराव कमी पडला." आंबोलीचा घाट चढेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही.

पुढची दोन वर्षं करोनात स्पर्धाच झाली नाही. २०२२ च्या मार्चमध्ये मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. घड्याळातला हृदयाचा ठोका बघून पळा म्हणतात, पण आपल्याकडच्या एप्रिलमध्ये उन्हामुळे ठोका असाही चढतो, आकडा बघून माणूस गोंधळतो. मी एकोणतीसचा पाढा म्हणत पळले. मोठ्याने. एकोणतीस एके एकोणतीसपासून एकोणतीस दाहे दोनशे नव्वदपर्यंत. मधे श्वासासाठी अडखळले तर वेग जास्त. चढ आला की चालायचं, सरळ चालायचं. सुरुवातीला किलोमीटरला ८ मिनिटं ४० सेकंद लागत होती. रंकाळ्यावर गजरा माळून फिरायला आलेल्या आज्या माझ्या पुढे जायच्या, त्यातल्या एकीने "बाळ, बरं नाही का?" असंही विचारलं. भाऊजी मोटरसायकलवरून जाताना हॉर्न वाजवायचे.

हळू पळण्यात दम लागत नाही, लाज लागते. तुमच्या तीन महिन्यांचा खरा सराव तो आहे.

जूनमध्ये त्याच पाढ्यावर ७ मिनिटं ३० सेकंद झाली होती. एकदाही जोरात न पळता.

तासांचं विचारलं नाहीत तरी सांगते: नोकरीच्या माणसाला सुरुवातीला आठवड्याला सहा-सात तास पुरतात. तीनदा पोहणं, तीनदा पळणं, दोनदा सायकल, आणि दर चौथ्या आठवड्यात सगळं कमी. रोजचे १० किलोमीटर आजच बंद करा, एक दिवसाआड पळा. सायकलवरून उतरून लगेच पळायचं ते ब्रिक सेशन मे महिन्यात दोन-तीनदा करून बघा, पण पंधरा मिनिटंच, पाय लाकडाचे होतात म्हणजे काय एवढं कळण्यापुरतं. वेगाचं काम ऑगस्टनंतर. ते कसं करायचं हे मला विचारू नका, त्यात मी कच्ची आहे.

२०२२ च्या नोव्हेंबरात पोहायला ५८ मिनिटं, सायकलला ३ तास ५० मिनिटं, पळायला २ तास ४८ मिनिटं, कपडे-बूट बदलण्याची १४ मिनिटं धरून एकूण ७ तास ५० मिनिटं. मुदत साडेआठ तास. सायकलचा अ‍ॅव्हरेज साडेतेवीसच्या आसपास. मिसळीच्या टेबलावर बिल मलाच भरावं लागलं असतं.

आता काही गोष्टी कबूल करायला हव्यात. एक, एमआरआयच्या वेळी रक्त तपासलं तेव्हा माझं ड जीवनसत्त्व आणि लोह दोन्ही बरंच कमी निघालं होतं. त्यामुळे तडा सगळाच्या सगळा भाऊजींच्या खात्यावर टाकता येत नाही, त्यांनाही हे माहीत आहे. तुम्हीही सुरुवातीलाच तपासून घ्या. दोन, त्याच स्पर्धेत भाऊजी माझ्या आधी ३१ मिनिटं पोचले, तेही आपल्याच पद्धतीने सराव करून. त्यामुळे आमच्या घरात हा वाद अजून चालू आहे आणि दर दिवाळीला फराळाबरोबर निघतो.

पण भाऊजी माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहेत, आणि दहाव्या वर्षापासून पेठेच्या तालमीकडून फुटबॉल खेळलेले. पंधरा वर्षं रोज संध्याकाळी दोन तास मैदानावर पळलेला माणूस. त्यांच्या पायांचा पाया शाहू स्टेडियमवर कधीच घालून झाला होता, त्याला ते सराव म्हणत नव्हते एवढंच. मग वर कितीही मजले चढवले तरी चालतात. मी अडतिसाव्या वर्षी पळायला सुरुवात केली, तुम्ही दीड वर्षापूर्वी. तुम्ही लहानपणी काय खेळलात ते लिहिलेलं नाही. क्रिकेटमध्ये स्लिपला उभे राहत असाल तर ते धरू नका.

भाऊजी हे वाचणार आहेत. वाचू देत.

टीटी बाईकचं राहिलंच. त्यांनी त्या वेळी हट्टाने घेतलेली एक आमच्या जिन्याखाली उभी आहे. घाटात ती चालवता येत नाही आणि ग्रुपमध्ये तिच्यावर वाकून बसायला कुणी देत नाही, त्यामुळे पाचशे किलोमीटरसुद्धा चाललेली नसेल. उंची पाच फूट नऊच्या आसपास असेल तर खाली कळवा. किंमत मात्र त्यांच्याशीच बोला, मला त्यात पडायचं नाही.