कोणतं बायबल घेऊ, मावशी?

मावशी, सप्रेम नमस्कार. मी परभणीत मराठी घेऊन एम.ए. करतोय. घरी वारीची परंपरा, पण बायबल एकदा सलग वाचावं असं फार दिवस मनात आहे. वर्गातल्या मैत्रिणीच्या घरचं जुनं बायबल मागून आणलं. त्यातलं पहिलं पुस्तक, ‘उत्पत्ती’, गोष्टींच्या ओढीनं वाचून काढलं. पुढे निर्गममध्ये तंबूच्या पडद्यांची मापं सुरू झाली आणि मी पुस्तक परत केलं. भाषाही जरा अंगावर येते. आता स्वतःची प्रत घ्यायची आहे. ऑनलाइन पाहिलं तर दहा प्रकार आणि दहा किमती. खिसा विद्यार्थ्याचा आहे. कोणतं घेऊ?

– एक वाचक, परभणी

बाळा, तू पडद्यांपर्यंत पोचलास हेच पुष्कळ झालं. अठ्ठावीस हात लांब, चार हात रुंद, बरोबर ना? आमच्या मंडळीतले निम्मे लोक तिथवर जात नाहीत. हे आमच्या पाळकांच्या कानावर घालू नकोस.

आधी पैशाचं बोलू, म्हणजे तुझा घोर जाईल. तुला दिसलेल्या दहा किमतींमधल्या बऱ्याचशा भाषांतराच्या नाहीतच, कव्हरच्या आहेत. आतला मजकूर एकच. वर साधा पुठ्ठा असेल तर एक भाव, रेक्झिन असेल तर दुसरा, पानांच्या कडा सोनेरी असतील तर तिसरा, आणि चेन लावलेली पिशवीवजा बांधणी असेल तर आणखी वर. चेनवालं घेऊ नकोस. वर्षभरात चेनचे दात पानांचे कोपरे कुरतडतात. शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढली आहेत, पुस्तक कुठून मरतं ते मला कळतं. बायबल सोसायटीची पुठ्ठ्याची प्रत मुद्दाम कमी किमतीत ठेवलेली असते. दोघांनी मल्टिप्लेक्सला जाऊन मध्यंतरात मक्याच्या लाह्या खाल्ल्या, तर त्याहून कमी पैशांत अख्खं बायबल येतं. मोठ्या शहरातल्या चर्चच्या पुस्तकविक्रीत मिळतं. पोस्टानंही येतं.

आता भाषेकडे येते. तुझ्या मैत्रिणीच्या घरी होतं ते बहुधा आम्ही ज्याला नुसतं ‘पवित्र शास्त्र’ म्हणतो ते. नावापुढे आर. व्ही. असतं, म्हणजे रिव्हाइज्ड व्हर्जन. चर्चमध्ये वाचतात ते हेच, पाठ असतं तेही हेच. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ यात जड काय आहे, सांग बघू? पण मग ‘सार्वकालिक जीवन’ येतं, ‘नीतिमान ठरणे’ येतं, आणि नवा माणूस अडतो.

माझी आई मिशनची बायबलबाई होती. नेवासे, शेवगावकडच्या गावांतून पायी फिरायची. काखेत पिशवी, पिशवीत शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, सुट्या पुस्तिका. ओट्यावर बसून ती बायांना वाचून दाखवायची. एकदा एक म्हातारी म्हणाली, “बाई, ते सार्वकालिक म्हंजी काय वं?” आई थांबली आणि म्हणाली, “कवाच न सरणारं.” त्यानंतर ती छापलेलं ‘सार्वकालिक’ डोळ्यांनी वाचायची आणि तोंडानं ‘कधी न सरणारं’ म्हणायची. पाळकांनी टोकलं, तरी बदललं नाही. लहानपणी मला वाटायचं की पुस्तकात तसंच छापलंय. स्वतः वाचायला लागले तेव्हा फसवल्यासारखं झालं.

आईनं तोंडी जे केलं, तेच छापून करावं असं वाटणारे लोक मराठीत कधीपासून आहेत. पहिला नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, १८११ मध्ये मिशनरी विल्यम केरीनं छापला, वैजनाथ पंडितांच्या मदतीनं. तोही बंगालमधल्या श्रीरामपूरला. (आमच्या नगर जिल्ह्यातलं, साखर कारखान्याचं श्रीरामपूर नव्हे. एका वक्त्यानं भर सभेत हा घोटाळा केला होता आणि टाळ्याही घेतल्या होत्या.) पुढे पंडिता रमाबाईंना मिशनची मराठी संस्कृताच्या ओझ्यानं वाकलेली वाटली. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून एकटीनं सगळं बायबल साध्या मराठीत आणलं. खेड्यातल्या बाईला कळलं पाहिजे, ही त्यांची कसोटी. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, ग्रंथ १९२४ ला बाहेर आला. छापखानाही मुक्तीचाच होता, आणि तिथे काम करणाऱ्या बायकाच. एवढ्या संस्कृत पंडितेनं संस्कृत शब्द वेचून बाजूला काढावेत, यावर तुझ्या एम.ए.च्या वर्गात एक तास व्हायला हरकत नाही. जुन्या बाजारात ती प्रत दिसली तर सोडू नकोस. पण पहिलं वाचन तिच्यावर नको, शंभर वर्षांपूर्वीची साधी मराठी आज साधी राहिलेली नाही.

आज तुझ्यासाठी दोन वाटा आहेत. एक, बायबल सोसायटीचीच सी. एल. आवृत्ती. सी. एल. म्हणजे कॉमन लँग्वेज, रोजच्या बोलण्याजवळची. दुसरी, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते ते हेच वसईचे फादर. या भाषांतराला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार आहे. राजहंसनं काढलंय, जाडजूड आहे, टिपा आहेत, आणि ख्रिस्ती नसलेला मराठी वाचक डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं आहे. तुझ्यासारख्याला हेच सगळ्यात गोड लागेल. पण खिसा तुझा आहे, म्हणून हे विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आण आणि विकत सी. एल. घे. प्रबंधबिबंध लिहायचा झालाच तर आर. व्ही. लागेल, कारण मराठी ख्रिस्ती माणसाच्या बोलण्यात, गाण्यात, थडग्यावरच्या ओळीत तीच भाषा उतरली आहे. तिची पुठ्ठ्याची प्रत पुढच्या वर्षी घे.

माझ्यावर मात्र विसंबू नकोस. मोबाइलवर बायबलचं फुकट ॲप मिळतं, त्यात तीन-चार मराठी भाषांतरं आहेत. लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय काढ. धाकटा बापाकडे वाटणी मागतो, परमुलखात उडवतो, दुष्काळ पडतो, शेवटी दुसऱ्याची डुकरं राखतो. वाटणी आणि दुष्काळ या दोन गोष्टी मराठवाड्यातल्या पोराला समजावून सांगायला नकोत. तो अध्याय प्रत्येक भाषांतरात मोठ्यानं वाच, मनात नको. घरात आजी असेल तर तिला ऐकव. ती मध्येच “मग बापानं काय केलं?” म्हणाली, की ते भाषांतर घे.

आणि उत्पत्तीपासून पुन्हा सुरू करू नकोस. बायबल म्हणजे एक पुस्तक नाही, सहासष्ट पुस्तकांचं कपाट आहे. मार्कचं शुभवर्तमान घे, सोळाच अध्याय आहेत, रविवारच्या एका दुपारी संपतो. मग रूथ, चार अध्याय, सासूसुनेची गोष्ट. मग स्तोत्रं. तुकोबा वाचलेल्याला स्तोत्रांत देवाशी चाललेलं भांडण ओळखीचं वाटेल. पडद्यांची मापं राहू देत.

*

मावशी, सलाम. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी बारीक अक्षर दिसत नाही. रोज वाचल्याशिवाय तिला चैन पडत नाही. आम्ही कॅथलिक आहोत. मोठ्या अक्षरातलं कुठलं घ्यावं?

– एक भगिनी, नालासोपारा

‘मोठा टाइप’ हे शब्द वाचून पैसे पाठवू नका ताई, मी त्यात पोळले आहे. वडील बहिणीसाठी एकदा फोटो बघून मागवलं. फोटोत अक्षरं हरभऱ्याएवढी, हातात आलं तेव्हा मोहरीएवढी. वर निम्मं पान इंग्रजी, निम्मं मराठी; द्विभाषी होतं आणि मी नीट वाचलं नव्हतं. दुकानदारानं परत घेतलं नाही. ते अजून माझ्याकडे आहे, पापड वाळवताना कापडावर वजन म्हणून ठेवते. (देव माफ करो.) म्हणून आईंनाच दुकानात न्या, खिडकीपाशी उभं करा आणि स्तोत्रसंहिता उघडून द्या.

कागदही बघा. बायबलचा कागद पातळ असतो, मागच्या पानाची शाई पुढे दिसते आणि म्हाताऱ्या डोळ्यांना दोन्ही ओळी एकदम दिसायला लागतात. पानामागे काळा पुठ्ठा सरकवला तर हे बरंच कमी होतं. खुणा करायला पेन नको, शिसपेन्सिल.

तुम्ही कॅथलिक आहात म्हणून एक गोष्ट विकत घेण्याआधीच तपासा. प्रोटेस्टंट छपाईत जुन्या कराराची ३९ पुस्तकं असतात, तुमच्या परंपरेत ४६. नव्या कराराची २७ दोन्हीकडे सारखीच. अनुक्रमणिकेत टोबीत, यहूदीथ, मक्काबी ही नावं शोधा. नसतील तर चर्चमधल्या मिस्सेत एखाद्या दिवशी त्यातलं वाचन होईल आणि आई घरी येऊन ते पान शोधत बसतील.

सगळं अख्खं मोठ्या अक्षरात घ्यायचं तर वजन हाताला झेपत नाही. नुसता नवा करार आणि स्तोत्रं यांची वेगळी प्रत मिळते, रोजच्या वाचनाला ती मांडीवर राहते. बाकीचं मोबाइलवर लावून द्या. मराठी नवा करार ऐकायलाही मिळतो.

*

‘ख्रिस्तपुराण’ हेही बायबलचं भाषांतरच ना? मग तेच घेतलं तर?

– एक वाचक, सावंतवाडी

नाही. फादर स्टीफन्सनं बायबलची कथा दहा हजारांहून अधिक ओव्यांत नव्यानं सांगितली, १६१६ मध्ये ती गोव्यात रायतूरला छापली गेली. भाषांतर म्हणून घेतलंत तर अध्याय-वचन काही जुळणार नाही. मराठी म्हणून घेतलंत तर पहिल्या पानापासून वाचू नका. ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ ही मराठीचं कौतुक करणारी ओवी शोधा, तिथून मागेपुढे वाचा.