कोड लिहिणाराच कोड घेऊन गेला तर?

प्रश्न : आमची पुण्यात छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. वजनकाट्यापासून ऊस उत्पादकांच्या बिलापर्यंतचे काम करणारी प्रणाली आम्ही साखर कारखान्यांना पुरवतो. आमच्या मुख्य प्रोग्रामरने राजीनामा दिला असून तो प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार असल्याचे कळते. संपूर्ण सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ लिखित मजकूर) त्याच्या लॅपटॉपवर आहे. पुढील २ वर्षे या क्षेत्रात काम करणार नाही, असे त्याच्याकडून लिहून घ्यावे काय? वजनकाट्याचा भाग आम्ही एका फ्रीलान्सरकडून करून घेतला होता, त्यात काही अडचण येईल काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : फ्रीलान्सरचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारला आहे, पण आमच्या मते खरी मेख तिथेच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीत गणले आहे, आणि नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची पहिली मालकी, करारात वेगळे काही ठरले नसल्यास, कलम १७ प्रमाणे कंपनीकडे येते. फ्रीलान्सर हा तुमचा नोकर नव्हे. त्याचे सगळे पैसे चुकते केले असले, तरी लेखी आणि सहीनिशी हस्तांतर झालेले नसेल, तर वजनकाट्याच्या कोडचा कॉपीराइट आजही त्याचाच आहे. ते करारपत्र आता करून घ्या आणि त्यात मुदत व प्रदेश स्पष्ट लिहा. नाहीतर कलम १९ प्रमाणे हस्तांतर ५ वर्षांपुरते आणि भारतापुरतेच धरले जाते. इकडून तिकडून उतरवलेल्या नमुना करारांत नेमके हेच राहून जाते.

२ वर्षांच्या बंदीच्या भानगडीत पडू नका. नोकरी सुटल्यानंतर दुसरीकडे काम करण्यास मनाई करणारी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. प्रोग्रामरचे कौशल्य त्याच्याबरोबर जाणारच. कोड जाता कामा नये. म्हणून गोपनीयतेचा करार, आणि कामावरून मोकळे करताना ‘माझ्याकडे कोडची कोणतीही प्रत नाही’ असे लेखी निवेदन, एवढे घ्या.

तुम्ही गिट (कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली) वापरत असाल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा : क्लोन केलेल्या प्रतीत साधारणपणे कोडचा आजवरचा सगळा इतिहास असतो, त्यामुळे रिपॉझिटरीचा, म्हणजे कोडच्या सामायिक भांडाराचा, प्रवेश बंद केल्याने त्याच्याकडची प्रत पुसली जात नाही. जुन्या कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, डेटाबेसचा पासवर्ड राहिला असेल, तर तो नंतर फाइलमधून काढूनही त्या इतिहासात सापडतो. तेव्हा कारखान्यांच्या सर्व्हरचे पासवर्ड आणि डिजिटल किल्ल्या बदलूनच टाका. लॅपटॉप कंपनीचा असेल तर तो परत घेऊन तसाच बाजूला ठेवा. घाईघाईने फॉरमॅट करून दुसऱ्याला देण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि त्यात पुरावाच नाहीसा होतो. रिपॉझिटरीचे लॉगही (कोणी कधी काय केले याच्या नोंदी) आजच उतरवून ठेवा. पुढच्या वेळी मात्र बिलाचे काम करणाऱ्याला वजनकाट्याचा कोड दिसणार नाही, अशी विभागणी करा.

एवढे करूनही कोड गेलाच, तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ परवानगीविना केलेल्या नकलेला आणि नुकसान करण्याच्या हेतूने केलेल्या सोर्स कोडच्या चोरीला लागू होते. अप्रामाणिक हेतू सिद्ध झाल्यास कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ५ कोटींपर्यंतच्या भरपाईचा दावा राज्याच्या अभिनिर्णय अधिकाऱ्यापुढे, म्हणजे माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, करता येतो. लॉग पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते व त्यात हॅश (फाइलवरून काढलेला, फाइल बदलली की बदलणारा सांकेतिक आकडा) नमूद करावा लागतो. हा हॅश लॉग उतरवतानाच काढलेला बरा. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे गोपनीयतेबाबत सारी भिस्त करारावर आणि न्यायालयाच्या मनाई हुकमावर राहते.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण वादात मालकी दाखवायला उपयोगी पडते. अर्जासोबत सोर्स कोडची किमान पहिली १० आणि शेवटची १० पाने द्यावी लागतात आणि त्यांतला कोणताही मजकूर झाकता येत नाही, म्हणून त्या पानांवर एखादी किल्ली किंवा पासवर्ड राहिलेला नाही ना, हे आधी पाहा.